आधी नट मोजले, मग पाना घेतला

आमच्या घरात नळांच्या तीन पिढ्या एकत्र नांदतात. तळमजला सासऱ्यांनी बांधला तेव्हाचे लोखंडी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले पाइप आणि त्यांवरचे पितळेचे वजनदार बिब कॉक, म्हणजे भिंतीतले साधे नळ. वरचा मजला आम्ही चढवला तेव्हा सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचे पाइप आले आणि त्यांच्यासोबत पाव फेऱ्यात उघडणारे क्रोमचे नळ. शिवाय सिंकवर गेल्या दिवाळीआधी लावलेला उंच मानेचा नळ. नागपूरच्या प्रतापनगरात आमच्या गल्लीतल्या बऱ्याच घरांची हीच तऱ्हा आहे. खाली जुनं, वर नवं, आणि टपकणं दोन्हीकडे.

सेकंदाला एक थेंब पडतो आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो असं धरलं, तर दिवसाला चार लिटरच्या वर पाणी जातं. हा हिशोब मी सासूबाईंना सांगितला तर त्या म्हणाल्या, "म्हणजे कढीपत्त्याचं भागते," आणि नळाखाली बादली सरकवून मोकळ्या झाल्या. पण मला पाण्यापेक्षा जास्त राग पान्याचा आला होता.

झालं असं, की वरच्या न्हाणीघरातला नळ टपकतो म्हणून बोलावलेल्या प्लंबरने पिशवीतून थेट पाइप पाना काढला. लाल रंगाचा, दातेरी, हातभर लांब. मी म्हटलं, "भाऊ, साधा पाना नाही का?" तर म्हणे, "ह्याच्यानंच होते ना ताई, सगळं ह्याच्यानंच होते." झालंही. नवा स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा पाणी उघड-बंद करणारा भाग, बसला, टपकणं थांबलं. पण नळाच्या षटकोनी भागावर दातांचे ओरखडे उमटले, खालचं पितळ उघडं पडलं आणि पावसाळ्यात त्यावर हिरवट थर धरायला लागला. आवळताना त्याने असा काही पीळ दिला की भिंतीतली टाइल कुरकुरली.

पाइप पाना काही वाईट हत्यार नाही. अमेरिकेत डॅनियल स्टिलसनने १८६९ साली त्याचं पेटंट घेतलं ते गोल पाइप पकडायला. गोल वस्तूला सपाट बाजू नसतात, म्हणून त्याचा एक जबडा मुद्दाम सैल ठेवलेला असतो. जेवढा पीळ द्याल तेवढे दात आत रुततात. जीआय पाइपवरचे ते दातांचे व्रण कोण बघायला जातं? क्रोमचा मुलामा मात्र केसापेक्षा पातळ असतो, आणि खालचं पितळ मऊ. ज्या नटाला सहा सपाट बाजू आहेत त्याला दात लावायचं कारणच नाही.

तेव्हा ठरवलं, की नळाचं किरकोळ काम घरीच करायचं आणि त्यासाठी नीट पाना आणायचा. यूट्यूबवर पाहिलं तर प्रत्येक जण 'एक चांगला मोठा पाना घ्या' म्हणत होता. मोठा म्हणजे केवढा, हे कुणी सांगेना. शेवटी मुलाच्या पॉलिटेक्निकच्या दिवसांतला व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, कपाटातून काढला आणि कागद-पेन्सिल घेऊन घरभर फिरले.

मोजायचं काय, ते एकदा कळलं की सोपं आहे. पान्यावर जो नंबर असतो तो नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधल्या अंतराचा, मिलिमीटरमध्ये. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजायचं नाही. 'अर्धा इंची नळ' या नावाचा इथे काडीचा उपयोग नाही. अर्धा इंच हे नाव पाइपाच्या आतल्या पोकळीवरून पडलेलं. त्या नळाच्या आट्यांचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात २१ मिमीच्या जवळ भरतो, आणि त्यावर बसणारा नट अर्थातच आणखी मोठा असतो. दुकानात जाऊन 'अर्ध्या इंचाचा पाना द्या' म्हटलं तर जो पाना हातात पडेल तो नळाच्या कुठल्याच नटाला लागणार नाही.

माझ्या कागदावर उतरलं ते असं. बेसिन आणि कमोडच्या कनेक्शन पाइपाचे, म्हणजे भिंतीतून पाणी आणणाऱ्या जोडनळीचे नट २४. वरच्या नळांच्या स्पिंडलचा षटकोन १७. खालच्या जुन्या नळांचा ग्लँड नट, म्हणजे दांडीभोवतीचा छोटा नट, १९च्या आसपास. त्याखालचं मोठं डोकं, ज्याला आमचे प्लंबर 'बोनेट' म्हणतात, ते एका नळाचं २५, दुसऱ्याचं साडेपंचवीस आणि अंगणातल्या नळाचं एका बाजूने सव्वीस तर दुसऱ्या बाजूने पंचवीस. जुने नळ ओतकामाचे, वरून कानशीने घासलेले. त्यांच्यापुढे नंबर काय करणार! त्यात बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर चढला की अर्धा-पाऊण मिलिमीटर आणखी वाढतो. बेसिनखालचा चेक नट, ज्याने नळ बेसिनला घट्ट धरून ठेवलेला असतो, तो २८.

नटांसोबत मी जागाही मोजली, आणि खरं सांगायचं तर पाना निवडताना तेच जास्त कामी आलं. नळाच्या डोक्यापासून भिंत किती लांब, बाजूला गिझरचा पाइप आहे का, पाना हातात धरून किती फिरवता येईल. आमच्या वरच्या न्हाणीघरात नळाच्या एका बाजूला कोपरा आहे आणि दुसऱ्या बाजूला बादली टांगायचा हूक. तिथे दहा इंची पाना नटावर बसतो, पण फिरत नाही.

खरेदीला इतवारीतल्या लोहा ओळीत गेले. आमच्या चौकातही हार्डवेअरची दुकानं आहेत, पण तिथे पाना प्लास्टिकच्या पाकिटात बंद असतो आणि फोडू देत नाहीत. पाना हातात घेऊन, उघडून, हलवून पाहिल्याशिवाय घेऊ नये असं माझं मत आहे. मेट्रोने चितार ओळी चौकात उतरले. गणपतीचे दिवस जवळ आलेले, त्यामुळे दोन्ही बाजूंनी रंग न दिलेल्या मूर्ती मांडलेल्या होत्या आणि त्यांच्यातून वाट काढत पुढे जावं लागलं.

दुकानदाराने आधी बारा फिक्स पान्यांचा, म्हणजे जबडा न हलणाऱ्या, ठरलेल्या मापाच्या पान्यांचा संच पुढे केला. सहा-सातपासून तीस-बत्तीसपर्यंत. "घेऊन जा काकू, जिंदगीभर चालन." मोह होतो, कारण संच छान दिसतो. पण माझ्या कागदाप्रमाणे त्यातले तीन-चारच पाने कामाचे होते. बाकी सायकल आणि स्कूटरवाल्यांचे. शिवाय साडेपंचवीसच्या नटाला त्या संचातला कुठलाच पाना नीट बसला नसता. सत्तावीसचा लावला तर कोपऱ्यावर टेकतो, सरकतो आणि नट गोल करून टाकतो. एकदा नटाचे कोपरे मेले की मग खरोखरच पाइप पान्याशिवाय गत्यंतर राहत नाही.

मग त्याने बारा इंची स्क्रू पाना काढला, म्हणजे चकती फिरवून जबडा कमी-जास्त उघडता येतो तो. चांगला जड. "हा नाही तुटत कधी." मी विचारलं, आठ इंची आहे का? तो हसला. "बारा इंचीनं जोर कमी लागते ना काकू." त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला तो नको होता. दांडीच्या टोकाला दहा किलोचा जोर दिला तर २० सेंटिमीटरच्या पान्याने नटावर जेवढा पीळ पडतो, त्याच्या दीडपट ३० सेंटिमीटरच्या पान्याने पडतो. हाताला ते कळतही नाही. नळाच्या मागे भिंतीत प्लास्टिकचा पाइप आहे, हे त्या पान्याला थोडंच ठाऊक असतं?

आता अडचण ही, की साध्या आठ इंची स्क्रू पान्याचा जबडा साधारण २५ मिमीपर्यंतच उघडतो. माझा चेक नट २८चा. दहा इंची घेतला तर तो तिशीपर्यंत उघडतो, पण दांडी लांब आणि जबडाही जाड. मी कागद काढून त्याच्यासमोर ठेवला. आकडे पाहिल्यावर त्याचा नूर बदलला. "असं सांगा ना मग," म्हणत तो आत गेला आणि फळीवरून एक वेगळाच पाना घेऊन आला. लांबी आठ इंचीच, पण डोकं रुंद आणि चपटं. जबडा पार पस्तीसच्या पुढे उघडत होता. हा प्रकार नळाच्या कामासाठीच असतो आणि कुणी मागत नाही म्हणून पुढे ठेवत नाही, असं त्याने सांगितलं. मला हवा होता तो हाच.

घेण्याआधी तीन-चार नग तपासले. स्क्रू पान्यात बघायचं ते असं: जबडा अर्धा उघडून हलता भाग अंगठ्याने वर-खाली दाबायचा. थोडी हालचाल असतेच, पण खडखड नको. मग जबडा पूर्ण मिटवून उजेडाकडे धरायचा. दोन जबड्यांमधून एका टोकाला उजेड दिसला आणि दुसऱ्या टोकाला नाही, तर ते समांतर नाहीत, तो नग परत. मधली दातेरी चकती अंगठ्याने सहज फिरायला हवी, कारण नळाखाली वाकलेलं असताना दुसरा हात मोकळा नसतो. एका नगाची चकती इतकी घट्ट होती की दोन्ही हात लागत. चकचकीतपणाला मात्र मी महत्त्व दिलं नाही.

सोबत २४ × २७चा एक फिक्स पाना सुटा घेतला, कनेक्शन पाइपांसाठी. या नटांचं माप ठरलेलं असतं आणि फिक्स पान्याला खेळच नसतो, त्यामुळे तो सरकत नाही. त्याचं तोंड दांडीला सरळ न ठेवता १५ अंशांनी वाकडं केलेलं असतं, हे तोवर मी कधी लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. अडचणीच्या जागी थोडं फिरवायचं, पाना उलटा करून पुन्हा लावायचा, परत थोडं फिरवायचं. दर वेळी ३० अंशांची जागा मिळाली तरी नट सुटत जातो. कमोडमागच्या फटीत दुसरा कुठला पाना चाललाच नसता.

तिसरी वस्तू बेसिन पाना. एक लांब सळई, वर आकड्यासारखा जबडा, खाली आडवी दांडी. दिसायला अगदीच ओबडधोबड. बेसिनच्या मागच्या खोबणीत, भिंत आणि चिनी मातीच्या मधे बसलेल्या चेक नटापर्यंत हात जातो, पण पाना फिरवायला जागा नसते. हा पाना खालून वर जातो आणि आडवी दांडी आपण खाली मोकळ्या जागेत फिरवतो. वरचा आकडा पलटवला की सोडायचा पाना आवळायचा होतो.

आणि वॉटर पंप प्लायर, म्हणजे तोंड लहान-मोठं करता येणारी मोठी पकड, आमच्याकडे होताच. तो मी नट फिरवायला वापरत नाही, नळाचं अंग धरून ठेवायला वापरते. ते कसं, हे पहिल्या कामातच आलं.

सुरुवात तळमजल्यावरच्या जुन्या नळापासून केली. गच्चीवरचा व्हॉल बंद केला आणि अंगणातला नळ उघडून पाइपातलं पाणी उतरू दिलं. ज्या नळाचं काम करायचं तो अर्धा उघडा ठेवला. हे अर्धा उघडा ठेवणं फार कामाचं आहे. नळ बंद असताना बोनेट सोडायला गेलं तर आतला वायसर, म्हणजे पाणी अडवणारी रबरी चकती, नळातल्या बैठकीवर दाबलेला असतो, आणि आपण एकीकडे सोडतोय तर दुसरीकडे दांडी अडते. मोरीच्या जाळीवर जुना टॉवेल टाकला, कारण मुठीचा स्क्रू खाली पडला की गेलाच.

मूठ निघाली. मग बोनेट. जबड्यांना जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून पाना बसवला. जुन्या पितळेला तशी गरज नव्हती, पण सवय लागलेली बरी. स्क्रू पान्याची एक खोड अशी, की त्याचा एक जबडा पक्का आणि एक हलता असतो. जोर पक्क्या जबड्यावर यायला हवा, म्हणजे पाना ज्या बाजूला फिरणार त्या बाजूला हलता जबडा ठेवायचा. उलटा लावला तर हलता जबडा किंचित उघडतो आणि नटाचे कोपरे खातो. बसवल्यावर चकती शेवटपर्यंत आवळायची, पाना जरासा हलवायचा आणि पुन्हा आवळायची. दुसऱ्या वेळी ती हटकून अजून थोडी फिरते.

डाव्या हातात प्लायर घेऊन नळाचं अंग धरलं, उजव्या हाताने पाना उलट्या दिशेला. नट हलेना. इथे दोन्ही हातांचा जोर एकमेकांविरुद्ध लागला पाहिजे, म्हणजे नळ जागेवर राहतो आणि भिंतीतल्या एल्बोला, म्हणजे पाइपाच्या वळणाच्या जोडाला, काही कळत नाही. त्या प्लंबरने हेच केलं नव्हतं. एका हाताने फिरवलं की सगळा पीळ भिंतीत जातो, जुना जीआय गंजलेला असेल तर आटे तिथेच तुटतात, आणि मग टाइल फोडण्यावाचून इलाज नाही.

नट हलला नाही म्हणून मी पाना ठेवून दिला. जोर वाढवला नाही. पांढऱ्या सिरक्यात भिजवलेली चिंधी बोनेटभोवती गुंडाळली आणि स्वयंपाकाला लागले. नळाच्या नटावर जो पांढरा दगड जमतो तो बहुतेक चुन्याचाच, आणि आम्लात विरघळतो. सिरका नसेल तर निंबूसतही चालतं. दुपारी चिंधी काढली तेव्हा आट्यांच्या कडेला खरवडण्यासारखा चिखल झाला होता. जुन्या टूथब्रशने तो काढला, पान्याच्या दांडीवर तळहाताने दोन-तीन हलके ठोके दिले, आणि बोनेट 'कट्' करून सुटलं. सासूबाई मागे उभ्या होत्या. "तुटला?" म्हणाल्या. "सुटला," म्हटलं.

आतला वायसर पाहण्यासारखा होता. मधोमध बैठकीची गोल खाच खोल उमटलेली, आणि रबर इतकं कडक की नखाने दाबेना. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही इतकं तापतं, तेच पाणी या रबरातून जातं. नवा वायसर घातला, बैठकीवरून बोट फिरवून ती खरखरीत नाही ना ते पाहिलं, आणि बोनेट आधी हातानेच आट्यांवर चढवलं. पाना अगदी शेवटी, तोही दांडीच्या मध्यावर धरून. टोकाला धरलं की जोर आपोआप जास्त जातो.

वरच्या नळाचं काम त्या मानाने किरकोळ. त्यात वायसर नसतोच, आत सिरॅमिकच्या दोन चकत्यांचा स्पिंडल असतो, तो आख्खा बदलायचा. नळावरचं झाकण खुबीने काढलं, मूठ काढली, सतराचा षटकोन रुंद जबड्याच्या पान्याने धरला आणि सुटला. नवीन स्पिंडल आणताना जुना सोबत न्यावा, कारण वरच्या दांडीचे दाते कंपनीगणिक वेगळे असतात आणि मूठ बसत नाही.

बेसिनखालचं काम मात्र पाठीवर झोपून करावं लागलं. तिथे दिशेचा घोळ होतो. उभं राहून वाकून हात घातला तर उलट-सुलट डोक्यात फिरतं. आपण नटाच्या खाली झोपून वर पाहत असू तर नेहमीचाच नियम लागतो: घड्याळाच्या उलट फिरवलं की सुटतो. बेसिन पान्याने चेक नट सोडवला, वर मुलाने नळ हाताने धरून ठेवला होता. नळाच्या बुडाशी जमलेला मळ धुतला, खालची रबरी गादी बदलली, पुन्हा आवळलं. चिनी मातीवर आवळताना नळ हलायचा थांबला की हात थांबवायचा, नाहीतर बेसिनला तडा जातो.

कनेक्शन पाइपाच्या नटाला लोक टेफ्लॉनच्या पांढऱ्या टेपचे थर गुंडाळतात. त्याची गरज नाही. तिथे पाणी अडवते ती नटाच्या आतली रबरी रिंग. आट्यांवर टेप गुंडाळली की नट अर्ध्यातच घट्ट लागतो, रिंग नीट दबत नाही आणि मग गळतं. हाताने जेवढा जाईल तेवढा आवळायचा आणि चोवीसच्या पान्याने वरून साधारण पाव फेरा. टेफ्लॉन लागते ती नळ भिंतीत बसतो तिथे, आणि ती आट्यांच्या दिशेने, म्हणजे नळाचं आट्यांचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर नळ फिरवताना तीच सुटत येते.

रुंद जबड्याचा पाना आता स्वयंपाकघराच्या खणातच असतो. महिन्यातून एकदा चकतीवर मशीनच्या तेलाचा थेंब सोडते, कारण ओल्या हाताने वापरून ती जाम होते. इस्त्रीवाल्याने एकदा त्याच्या ठेल्याच्या चाकासाठी मागून नेला आणि परत आणून दिला तेव्हा म्हणाला, "काकू, ह्याचं तोंड लय मोठं उघडते." पाना अर्थातच कौतुकाने सुखावला नाही, मी सुखावले.

गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल अजून थोडा झिरपतो. तो एक इंची जीआय पाइपावर आहे, त्याला दोन पाइप पाने लागतील, एक धरायला आणि एक फिरवायला. ते काही मी विकत घेणार नाही. दिवाळीआधी ज्याच्याकडे आहेत त्यालाच बोलावीन.